ट्रेलरवर बांधलेली होडी दर वेळी सैल होते? नवा पट्टा घेण्याआधी हे बघा

नारळी पुनव झाली की आमच्याकडे होड्या परत पाण्यात उतरायला लागतात आणि त्यांच्याबरोबर तोच जुना प्रश्न पण उतरतो. घट्ट बांधली होती, रॅचेट (पट्टा आवळायचा दातऱ्यांचा खटका) ओढून ओढून तळहाताला फोड आले, आणि पाच-सात किलोमीटरवर गाडी थांबवून बघतो तर पट्टा झोपाळ्यासारखा लोंबतोय. यंदा तिघांनी मला हेच विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, कारण हा त्रास मी स्वतः दोन सीझन काढलाय आणि त्या दोन सीझनात पट्ट्यांवर घातलेले पैसे बायकोला अजून सांगितलेले नाहीत.

माझं सामान काय ते आधी सांगतो म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. १६ फुटी फायबरची होडी, ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन), त्याचंच वजन ७०-७५ किलो, २५ लिटरची पेट्रोलची टाकी, नांगर, दोर, लाइफ जॅकेटं, सगळं धरून साधारण ४५० किलो. ट्रेलर सेकंडहँड, एकाच एक्सलचा, २५० किलोच्या आसपास, आणि मूळचा कुठल्यातरी १४ फुटी होडीसाठी बनवलेला. ही शेवटची गोष्ट घेताना दिसली होती, पण भाव बरा होता म्हणून डोळ्याआड केली. घर गोव्यात धारगळला, होडी उतरवायची शिवोलीला तारीकडच्या (नदीच्या धक्क्याकडच्या) उतारावर, म्हणजे हायवे, कोलवाळचा पूल, करासवाडा, म्हापसा आणि मग शिवोली. अंतर काही फार नाही पण तेवढ्यात रम्बलर किती, स्पीडब्रेकर किती आणि पावसाने उघडे पाडलेले खड्डे किती ते गोव्यात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

तर तक्रार अशी होती. घरून जाताना काहीच व्हायचं नाही. येताना मात्र हमखास म्हापशाच्या आधी पट्टे सैल, विंचचा (हँडल फिरवून होडी पुढे ओढायचं यंत्र) पट्टा पण सैल, आणि होडी ट्रेलरच्या ज्या गालिचा लावलेल्या फळ्यांवर बसते त्यांच्यावर डुगडुगायची. परत आवळायचो, मग घरापर्यंत बऱ्यापैकी टिकायचं, फक्त डावा पट्टा थोडा ढिला व्हायचा.

आता हे वाचून कोणाच्या डोक्यात लगेच उजेड पडला असेल तर त्याला नमस्कार. माझ्या पडला नाही. मी म्हटलं येताना पट्टे ओले असतात म्हणून सैल होतात. यात अगदीच चूक नव्हती, माझे पहिले पट्टे नायलॉनचे होते आणि नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की ताणतं. म्हणून पॉलिस्टरचे घेतले, ते ओले झाले तरी फार ताणत नाहीत. थोडा फरक पडला, त्रास गेला नाही. मग रुंद पट्टे घेतले. मग दोनाचे तीन केले, तिसरा होडीच्या मधोमध काठावरून आडवा. मग त्या तिसऱ्याला एवढा आवळला की काठाच्या फायबरला केसासारखी चीर गेली. तेव्हा कुठे थांबलो.

डोळे उघडले ते तारीवर. एक म्हातारे बाब आहेत, आयुष्य रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्यात गेलेलं, ते बाजूला बसून माझी कसरत बघत होते. म्हणाले, "पट्टो सदळ जायना रे, व्हडें सरता." पट्टा सैल होत नाही, होडी सरकतेय. मी म्हटलं बाब, एवढी आवळलीय, सरकेल कशी? ते हसले आणि विडी ओढायला लागले.

घरी येऊन विचार केला की हे भांडण पट्ट्याशी आहे का होडीशी ते आधी ठरवू. त्यासाठी जे केलं ते तुम्ही पण करा, खर्च नावापुरता. एक मार्कर आणि मास्किंग टेप, रंगारी वापरतात ती. होडी नेहमीसारखी बांधायची. रॅचेटमधून पट्टा जिथे बाहेर येतो तिथे, अगदी धातूला लागून, पट्ट्यावर मार्करने आडवी रेघ मारायची, प्रत्येक पट्ट्यावर. होडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी, फळी जिथे संपते तिथे टेपचा तुकडा चिकटवायचा, टेपची कड फळीच्या टोकाशी बरोबर जुळवून. बूड ओलं असेल तर पुसून घ्या नाहीतर टेप पडेल आणि मग तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. विंचच्या ड्रमवर पण एक रेघ. आणि चाकाजवळ जिथे फळीचे ब्रॅकेट चॅसीला बोल्टने धरलेत तिथे प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एकच सरळ रेघ, म्हणजे नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. मग तीन-चार किलोमीटर, रस्ता नेहमीचाच, खड्डे चुकवायचे नाहीत, आणि थांबून बघायचं.

रेघ रॅचेटपासून लांब गेली असेल तर पट्टा रॅचेटमधून सुटतोय. याची कारणं साधी असतात, दातऱ्यात वाळू, गंज, किंवा सळईवर पट्ट्याचे वेढे कमी. दोन-तीन पूर्ण वेढे बसायला पाहिजेत. काही जण आधी हातानेच पट्टा ताणून घेतात आणि मग रॅचेट अर्धा फेरा फिरवून सोडतात, तो निसटणारच. उलट सगळा ढिला पट्टा रॅचेटवरच गुंडाळला तर ते तुडुंब भरतं, दातऱ्यात नीट बसत नाही आणि नंतर उघडायला हातोडी लागते.

रेघ जागच्या जागी, टेप पण जागच्या जागी, आणि तरी पट्टा सैल, तर पट्टा ताणलाय किंवा ज्या कडीला हूक लावलाय ती वाकतेय. कडी हाताने हलवून बघा, माझ्या ओळखीच्या एकाची ट्रेलरची कडी वेल्डिंगच्या कडेने निम्मी तुटलेली होती आणि वरून रंग मारल्यामुळे दिसत नव्हती.

आणि रेघ जागेवर पण टेप सरकलेली, तर तुम्ही माझ्या जातीचे. होडी सरकलीय.

माझी टेप सरकली होती, चार सेंटिमीटर. आणि इथे मी खरा चक्रावलो, कारण मी दोन वर्षं धरून चाललो होतो की होडी मागे घसरते. चढ, खड्डा, मागे जड इंजिन, मागेच जाणार ना? टेप सांगत होती की होडी पुढे गेलीय.

पुढे कशी गेली ते समजायला परत उतारावर जायला लागलं. होडी पाण्यातून काढताना ट्रेलर उतारावर तिरका असतो, नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक वर आणि मागची बाजू खाली. होडी तरंगत असते, आपण विंच फिरवून नाळ विंचच्या खांबावरच्या रबरी रोलरला टेकवतो, वाटतं झालं. मग गाडी वर ओढली की पाणी खालून निघून जातं, मागची बाजू फळ्यांवर बसते, होडीचं सगळं वजन उताराच्या दिशेने लोंबतं, विंचचा पट्टा थोडा ताणतो, ड्रमवरचे ढिले वेढे आवळून बसतात, आणि सपाटीवर येईपर्यंत नाळ आणि रोलर यांच्यात दोन बोटांची फट पडलेली असते. आपण मात्र वर आल्यावर नाळेकडे बघतच नाही, मागे जाऊन पट्टे आवळायला लागतो. गालिचा लावलेल्या फळीवर होडी तेवढ्यापुरती घट्ट बसते, जणू काही हलणारच नाही. मग रस्त्यावर आलो, एक रम्बलर, दुसरा रम्बलर, कोणी बाइकवाला आडवा आला म्हणून ब्रेक, आणि प्रत्येक धक्क्याला होडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत ती फट भरून काढते.

आता माझा ट्रेलर होडीपेक्षा आखूड. मागचं टोक, ज्याला ट्रान्सम म्हणतात, जिथे इंजिन लावतो ती भिंत, ती ट्रेलरच्या मागच्या आडव्या पाइपापेक्षा सहा इंच बाहेर. त्यामुळे माझे मागचे पट्टे ट्रान्समच्या कड्यांपासून खाली आणि पुढच्या बाजूला जात होते. होडी चार सेंटिमीटर पुढे गेली की ते पण सैल आणि विंच पण सैल, दोन्ही एकदम. जाताना त्रास का नव्हता ते पण यातच आलं, आदल्या फेरीत होडी पुढे येऊन रोलरला टेकूनच घरी उभी असायची. फट फक्त उतारावरच तयार व्हायची. दोन वर्षं हे माझ्यासमोर होतं आणि मी पट्ट्यांचे रंग बदलत बसलो होतो.

मग उपाय. पहिला फुकटचा आहे. ट्रेलर पाण्यात फार खोल घालू नका. खोल घातला की होडी फळ्यांच्या वर मोकळी तरंगते, वाकडी बसते आणि ही फट मोठी होते. फळ्यांचा पुढचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर राहील एवढाच, म्हणजे शेवटचे दोन-तीन फूट विंचने ओढत आणायला लागते आणि बूड फळीला घासत जागेवर बसतं. उधाणाच्या भरतीला आणि भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत उतारावर पाणी वेगळ्या ठिकाणी असतं त्यामुळे भिंतीवरची खूण बघून ट्रेलर घालायची सवय लावू नका, फळीकडे बघा. मग गाडी थोडी वर घ्यायची, होडी पूर्ण बसेपर्यंत, पण चाकं अजून उतारावर असताना. हँडब्रेक, गाडी गियरमध्ये, चाकामागे दगड नव्हे तर नीट लाकडी पाचर, आणि उतरून नाळ बघायची. फट दिसली तर परत खाली, परत विंच. कोरड्या गालिच्यावर विंचने ४५० किलो ओढायला गेलात तर पट्टा नाहीतर विंचचे दात, काहीतरी एक जाईल, म्हणून हे काम पाण्याजवळच उरकायचं. सपाटीवर आल्यावर विंचला दोन-चार क्लिक परत द्यायचे. ओहोटीला उतरत असाल तर खालच्या भागात शेवाळ असतं, चप्पल घालून जाऊ नका, मी एकदा अख्खा ट्रेलरखाली गेलो होतो.

काही जण सपाटीवर आल्यावर गाडी हळू चालवून कचकन ब्रेक मारतात म्हणजे होडी आपोआप पुढे येऊन बसेल. येते, खरं आहे. ती कधी थांबेल ते तुमच्या हातात नसतं एवढंच.

दुसरा उपाय खर्चाचा. विंचचा खांब सहा इंच पुढे घेतला. खांब चॅसीला यू-बोल्टने धरलेला होता म्हणून कापाकापी लागली नाही, नाहीतर वेल्डरकडे जायला लागलं असतं. होडी सहा इंच पुढे आली, ट्रान्सम बरोबर फळ्यांच्या टोकावर आला. हे पट्ट्यांपेक्षा महत्त्वाचं आहे आणि लोक याच्याकडे बघत नाहीत. बुडाला सगळ्यात जास्त भार मागे असतो, इंजिन तिथे टांगलेलं, आणि तोच भाग हवेत असेल तर प्रत्येक खड्ड्यात फायबर वाकतं, बूड फळीच्या टोकाशी दबतं, आणि पट्टा वाकणाऱ्या वस्तूवर बांधल्यासारखा होतो. फळी ट्रान्समपर्यंत किंवा बोटभर बाहेर असलीच पाहिजे.

खांब हलवताना रोलरची उंची पण बघून घ्या. नाळेला जी लोखंडी कडी असते ती रोलरच्या पोटाखाली येऊन टेकली पाहिजे, रोलर वर आणि कडी खाली. उलट असेल तर जोरात ब्रेक मारला की नाळ रोलरवर चढू शकते. आणि त्या कडीपासून खाली ट्रेलरच्या चॅसीला एक वेगळी साखळी किंवा टर्नबकल (फिरवून ताणायचा आकडा) लावा, विंच सोडून. विंच हे होडी ओढून घ्यायचं यंत्र आहे, प्रवासात होडी धरून ठेवायचं नाही, त्यातला खटका एका धक्क्याला सुटू शकतो. माझ्याकडे दोन वर्षं ही साखळी नव्हती हे आता लिहिताना पण बरं वाटत नाही.

होडी पुढे घेतली की आणखी एक गोष्ट बदलते, गाडीच्या मागच्या बॉलवर, ज्याला ट्रेलर जोडतो त्या गोळ्यावर येणारं वजन. आम्ही घरातला वजनकाटा वापरला, बाथरूममध्ये असतो तो. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना पाचर, काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून त्यावर कपलर (ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड) टेकवायचा, उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच. आधी ३२ किलो होतं, खांब हलवल्यावर ५२. होडी आणि ट्रेलर मिळून ७०० किलो, त्याच्या ५ ते १० टक्के म्हणजे ३५ ते ७० किलो बॉलवर पाहिजे. म्हणजे आधी मी कमीवर चालवत होतो, आणि कोलवाळच्या पुलावर बाजूने बस गेली की ट्रेलर शेपटी हलवायचा त्याचं कारण हेच. मी वाऱ्याला दोष देत होतो. जास्त पण नको, १० टक्क्यांच्या वर गेलं की गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात.

आता पट्टे किती आणि कुठे. माल बांधायचे युरोपातले नियम असं धरतात की ब्रेकला माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जायला बघतो आणि मागे व बाजूला ०.५ पट. माझ्या होडीला लावलं तर पुढे ३६० किलो, मागे आणि बाजूला २२५. पुढचा जोर रोलर आणि खांब घेतात, म्हणून होडी रोलरला टेकलेली पाहिजे, फट असली तर तोच जोर हातोडीसारखा बसतो. मागचा जोर नाळेचा पट्टा आणि साखळी घेते. बाजूचा आणि उसळीचा जोर मागचे दोन पट्टे घेतात, ट्रान्समच्या दोन कड्यांपासून सरळ खाली ट्रेलरला, एक डावीकडे एक उजवीकडे. काठावरून आडवा टाकलेला पट्टा हा वरून दाबतो, बस. तो पुढे-मागे जाणं फार अडवत नाही. मी तो आता लावतो पण हलका, काठावर सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून, आणि बाकीचे सगळे बांधून झाल्यावर. त्याच्या भरवशावर बाकीचे सोडणं म्हणजे पोत्यावर टाकलेली दोरी.

पट्टा घेताना पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा वाचून खूश होऊ नका, तो बरेचदा पट्टा तुटायचा असतो. कामाचा भार त्याच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा, तो पट्ट्याला शिवलेल्या लेबलवर बारीक लिहिलेला असतो, लेबलच नसेल तर तसा पट्टा घेऊ नका. पट्ट्याला गाठ मारली की ताकद जवळपास निम्म्यावर येते. हूक उघड्या तोंडाचा नको, लॅचवाला घ्या, कारण रम्बलरवर पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि तेवढ्यात उघडा हूक कडीतून निघून जातो, माझा एक हूक असाच करासवाड्याला कुठेतरी आहे. ऊन हा दुसरा शत्रू. पट्टा फिका पडला, कडक झाला, कडेचे धागे सुटले की टाकून द्या, ट्रेलरवरच बांधून ठेवायचा तर कपड्याखाली ठेवा. खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायचे, रॅचेटच्या दातऱ्यात डब्ल्यूडी-४० मारायचा पण पट्ट्यावर उडू द्यायचा नाही. आणि पट्टा वाऱ्याने भों-भों वाजत असेल तर त्याला एक पीळ द्या. वाजणं म्हणजे थरथरणं, आणि थरथरून तो ढिला होतो, कडेला घासतो.

इंजिनाबद्दल एकच, पण ती नीट वाचा. इंजिन टिल्ट करून, म्हणजे तिरकं वर उचलून, तो लहानसा खटका लावून निघणारे फार बघितलेत. तो खटका उभ्या होडीसाठी आहे, रस्त्यासाठी नाही. जमिनीपासून पुरेसं अंतर राहत असेल तर इंजिन खालीच ठेवून जा, नसेल तर टिल्ट करून खाली ट्रान्सम सेव्हरचा दांडा लावा जो इंजिनाचं वजन ट्रेलरवर घेतो. नाहीतर प्रत्येक रम्बलरला ते ७५ किलो ट्रान्समला कोपरखळी मारत असतात.

एवढं सगळं केल्यावर माझा डावा पट्टा तरी ढिला व्हायचाच, सुरुवातीला सांगितलं तसा. त्याचं उत्तर नटांवरच्या रेघांनी दिलं. डावीकडच्या मागच्या ब्रॅकेटची रेघ तुटलेली, नट पाव फेरा फिरलेला, कारण त्यावर साधा नट होता आणि स्प्रिंग वॉशरचा गंजून भुगा झालेला. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, धक्क्याने न फिरणारे) घातले, सगळीकडे. मग त्याच बाजूच्या फळीत स्क्रूड्रायव्हर खुपसला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. गालिच्याखाली पाणी साठून फळी कुजलेली, वरून काही दिसत नव्हतं. कुजलेली फळी दाबली जाते, होडी अर्धा सेंटिमीटर बसते, पट्टा सैल. दोन्ही फळ्या बदलल्या, सागाच्या, महाग पडल्या. गालिचा खालच्या बाजूला पूर्ण गुंडाळू नका, पाणी निथळायला जागा ठेवा, स्टेपल स्टेनलेसच्या, आणि बोल्टची डोकी लाकडात खोल बुडवलेली, नाहीतर बुडावर ओरखडे येतात.

पाण्याचा विषय निघालाच तर, गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत एका दिवसात १०० मिमी पडला तर कोणी पेपर पण उघडून बघत नाही. माझ्या होडीची उघडी जागा साधारण ६ चौरस मीटर, म्हणजे ताडपत्री फाटली तर त्या एका दिवसात ६०० लिटर, ६०० किलो, होडीच्या वजनापेक्षा जास्त. म्हणून पावसाळ्यात ट्रेलरची नाळेकडची बाजू उंच आणि मागचं बूच काढलेलं. रस्त्यावर पण बूच काढूनच जायचं. फक्त ते बूच गाडीच्या चावीच्या कडीला अडकवा, कारण ते न लावता होडी पाण्यात ढकलणारा मी पहिला नाही.

निघताना, कपलर बॉलवर बसला की त्याचा खटका आणि पिन, मग जॅक फिरवून कपलर वर उचलून बघायचा, गाडीची मागची बाजू पण उचलली गेली तर नीट बसलाय. बॉलचं माप कपलरवर कोरलेलं असतं, ५० मिलिमीटरचा कपलर लहान बॉलवर पण बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडतो. सुरक्षा साखळ्या दोन, कपलरच्या खाली एकमेकींना फुलीसारख्या, म्हणजे कपलर सुटला तरी जमिनीवर न आपटता त्या झोळीत पडेल. वळायला पुरतील एवढ्याच ढिल्या. लाइट लावून बघा, आणि उतारावर पाण्यात जायच्या आधी लाइटची पिन काढा, नाहीतर गरम बल्ब थंड पाण्यात जाऊन फुटतात. होडीतल्या गाद्या, बादली, लाइफ जॅकेट खाली दाबून बांधलेली, ताडपत्री हायवेवर काढलेली, फडफडून ती जेलकोटची (फायबरवरच्या चकचकीत थराची) पॉलिश खाते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी म्हापशातून ट्रेलर न्यायचा विचार करू नका, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) बाजारात तुम्हाला कोणी वळू देणार नाही.

निघाल्यावर पहिला थांबा तीन-चार किलोमीटरवर, कंटाळा करायचा नाही. पट्टे, विंच, नाळेची फट आणि चाकाच्या मधल्या हबला हात लावून बघायचं. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंग गेलंय, खारं पाणी शिरलेलं असतं. मी ४०-५० च्या वर जात नाही, मागे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

परवा शिवोलीहून आलो. टेप जिथे लावली होती तिथेच होती, नाळ रोलरला चिकटलेली, उजव्या पट्ट्याला एकही क्लिक लागला नाही. डाव्याला दोन लागले. नटांच्या रेघा सरळ आहेत म्हणजे ब्रॅकेट नाही, नवीन फळी अजून थोडी बसतेय बहुतेक. पुढच्या फेरीला त्या बाजूला टेपचे दोन तुकडे लावणार, एक बुडावर आणि एक फळीवरच.